वर्दीतल्या बाईने स्त्रीवादी असावे का?

उत्तरायण (धागालेखिका)

सैन्यात चौदा वर्षे शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या अधिकारीपदावर, काढून मी २०१९ मध्ये बाहेर पडले. पुरवठा आणि वाहतूक हे माझे काम होते. म्हणजे डिझेल, रॉकेल, रेशन, गाड्यांचे ताफे, आणि हे सारे बर्फ पडायच्या आत वर पोहोचवण्याची दरवर्षीची घाई. गोळी झाडण्याचा प्रसंग कधी आला नाही, येईल असे दोनदा वाटले. एवढी ओळख पुरे.

आता विचारायचे ते. एका महिला गटाने मला ८ मार्चच्या कार्यक्रमात बोलायला बोलावले आहे. संयोजक ताईंनी फोनवर दोन सूचना केल्या. मेडल्स लावून यावे, ही पहिली. युद्धाविषयी शक्यतो काही बोलू नये, कारण गटातल्या काही जणी युद्धविरोधी आहेत आणि त्यांना ते रुचणार नाही, ही दुसरी. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा लागला आहे.

नोकरीत असताना आम्ही 'स्त्रीवादी' हा शब्द स्वतःसाठी कधी वापरला नाही. 'मी काही स्त्रीवादी नाही, पण' अशी सुरुवात करून मात्र आम्ही सगळ्या जे बोलत असू, ते नखशिखांत स्त्रीवादीच असे. शब्द टाळण्याचे कारण साधे होते: जी तो उच्चारेल ती आता सवलत मागणार, असे समोरच्याने गृहीत धरलेले असे. उलट बाहेरच्या मैत्रिणी म्हणत की तू पुरुषांच्या खेळात पुरुषांच्या नियमांनी खेळायला गेलीस, त्यात आम्ही टाळ्या कशासाठी वाजवायच्या?

एक प्रसंग सांगते. प्रशिक्षणाच्या वेळी शेजारच्या स्क्वाडमधल्या एका मुलाला दोरावर चढता येईना, तेव्हा उस्ताद, म्हणजे आमचे प्रशिक्षक, खालून ओरडले, 'चूड़ियाँ पहन रखी हैं क्या?' त्याच वेळी आम्ही मुली दुसऱ्या दोरावर होतो आणि मी टोकाला पोहोचले होते. मी वरूनच हसले. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आले की ती शिवी त्या मुलाला दिली असली तरी ती घडवली होती माझ्यापासून, आणि मी हसू शकले ते केवळ दोर चढून त्या शिवीच्या बाहेर पडले होते म्हणून.

ती जागा मला स्त्रियांच्या लढ्यामुळे मिळाली, हे मी मान्य करते. त्या जागेवर बसून करायच्या कामाबद्दल त्या लढ्याला काय वाटते, हे विचारायचे धाडस मात्र मला कधी झाले नाही. ज्या नोकरीत आहेत किंवा होत्या त्यांनी लिहावेच, आणि ज्यांना ही कल्पनाच पटत नाही त्यांनीही लिहावे.

मिष्किल

मेडल्स दाखवा पण युद्धाचे नाव काढू नका, हे म्हणजे मंगळसूत्र घालून या पण नवऱ्याचा विषय नको, असे झाले.

साक्षेपी

विषय महत्त्वाचा आहे. वकिली चष्म्यातून थोडे लिहितो, कारण 'जागा मिळाली' हे वाक्य वाटते तितके सोपे नाही.

डॉक्टर आणि परिचारिका वगळता स्त्रियांना सैन्यात अधिकारी म्हणून प्रवेश मिळाला तो १९९२ च्या योजनेने, आणि तोही ठरावीक मुदतीपुरता. २००८ मध्ये कायदा आणि शिक्षण या दोनच शाखांत कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतच्या नोकरीचा, मार्ग उघडला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला, तरी सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १७ फेब्रुवारी २०२० उजाडावी लागली. त्या सुनावणीत सरकारने मांडलेला एक मुद्दा असा होता की जवान मुख्यतः ग्रामीण भागातून येतात आणि स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम मानायला त्यांची मानसिक तयारी झालेली नाही. हा साचेबंद समज आहे असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला. पुढे २५ मार्च २०२१ च्या निकालात तर न्यायालयाने आपल्या समाजाची रचनाच पुरुषांनी पुरुषांसाठी केली आहे, अशी स्पष्ट नोंद केली. त्या प्रकरणातला तपशील बोलका आहे. ज्या स्त्रियांना कायम कमिशन मिळणारच नाही असे सर्वांनी गृहीत धरले होते, त्यांचे वार्षिक गोपनीय अहवाल वर्षानुवर्षे त्याच गृहीतकावर, वरवर लिहिले गेले, आणि नंतर निवड करताना तेच अहवाल तपासले गेले. वैद्यकीय निकषही तसाच: पुरुषांनी तो ऐन तारुण्यात पार केला होता आणि या स्त्रियांनी तो चाळिशी-पन्नाशीच्या दरम्यान पार करावा अशी अपेक्षा होती.

मात्र धागालेखिकेचा प्रश्न या दोन्ही निकालांत येत नाही. स्त्रीला हुकूम देता येईल का, एवढेच न्यायालयाने पाहिले. हुकूम कसला, हा त्याच्यासमोरचा विषयच नव्हता. २०२० च्या निकालात स्त्री अधिकाऱ्यांच्या कामगिरीची यादी दिली आहे, ती वाचताना मला अभिमानही वाटला आणि थोडे अस्वस्थही वाटले. समान हक्क मागणाऱ्या पुरुषाला अशी गुणपत्रिका कधी जोडावी लागत नाही.

उत्तरायण

साक्षेपी, तो निकाल आला तेव्हा मला बाहेर पडून काही महिने झाले होते. निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षे लागतात आणि माझी चौदा भरली होती. दूरदर्शनवर बातमी पाहताना मी आनंदाने रडले की आणखी कशाने, हे मला आजही सांगता येणार नाही.

ओवी

मी त्या 'युद्धविरोधी काही जणीं'पैकी आहे. या कार्यक्रमाशी माझा संबंध नाही, पण असा प्रत्येक कार्यक्रम मला ओळखीचा वाटतो, म्हणून स्पष्ट लिहिते. उत्तरायण यांच्याविषयी वैयक्तिक अनादर यात नाही.

हक्क मिळाला हे चांगलेच, पण कशाचा हक्क, हे विचारायला नको का? जुलै २००४ मध्ये मणिपूरमध्ये थांगजम मनोरमा हिला रात्री घरातून ताब्यात घेतले गेले आणि दुसऱ्या दिवशी तिचा मृतदेह सापडला. त्यानंतर काही दिवसांतच इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर, म्हणजे आसाम रायफल्सच्या तिथल्या तेव्हाच्या तळासमोर, बारा प्रौढ स्त्रियांनी विवस्त्र होऊन निषेध केला. त्या कोणाच्या तरी आया होत्या. त्या फाटकाच्या आत त्या दिवशी स्त्री अधिकारी असत्या तर काय बदलले असते? मला प्रामाणिकपणे वाटते की काहीही नाही. सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा १९५८ चा कायदा अधिकारी पुरुष आहे की स्त्री हे विचारत नाही.

वर्तमानपत्रे स्त्री अधिकाऱ्यांना 'रणरागिणी' म्हणतात, तेव्हा मला तो स्त्रियांचा गौरव न वाटता रणाचाच वाटतो. रण होते तसेच राहते, फक्त आता त्याला राग आळवायला आमचा आवाजही मिळतो.

पायदळ

मी पायदळातून कर्नल म्हणून निवृत्त झालो. ओवी यांच्या प्रतिसादातून ध्वनित होणारा सैन्यवादाचा आरोप मला मान्य नाही, हे आधीच सांगतो. सैन्य युद्ध ठरवत नाही, ते ठरवणाऱ्यांना आपण सगळे मते देतो. बर्फात उभा राहणारा जवान युद्धाचा जितका तिटकारा करतो तितका दिवाणखान्यात बसलेला शांततावादी करत नाही, कारण ज्याच्या शवपेटीला खांदा द्यायचा असतो तो जवानाच्या शेजारच्या बंकमध्ये झोपलेला असतो. आणि वर उल्लेखलेल्या घटनेत जे कोणी दोषी असतील त्यांना शिक्षा व्हायला हवी, हे म्हणायला मला स्त्रीवादी असण्याची गरज नाही.

दुसरे म्हणजे निकषांचे. पायदळ, चिलखती दल, विशेष दले येथे स्त्रिया अजून नाहीत. शत्रूच्या गोळीला सवलत ठाऊक नसते. म्हणून कसोटी एक ठेवावी आणि ती जो पार करील त्याला घ्यावे, इतके साधे ते आहे.

परंतु न्यायालयात जो 'ग्रामीण जवान मानणार नाही' असा मुद्दा मांडला गेला, त्याबद्दल मला माझ्या अनुभवातून बोलले पाहिजे. माझ्या तळावर पहिली स्त्री अधिकारी आली तेव्हा जवानांना सवय व्हायला आठवडा लागला. सुभेदार साहेबांनी पहिल्या दिवशी 'जय हिंद सर' म्हटले, मग जीभ चावली, मग 'जय हिंद मॅडम साहब' असे काहीतरी तयार केले आणि तेच रूढ झाले. आमच्या मेसमधल्या अधिकाऱ्यांना मात्र दोन वर्षे लागली. त्यांत मीही होतो. खेड्यातल्या जवानाच्या नावावर आम्ही आमचीच बिले फाडत होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मिष्किल

कर्नलसाहेब, 'कसोटी एक ठेवावी आणि जो पार करील त्याला घ्यावे' हे आपले म्हणणे असेल, तर पायदळाचे दार बंद ठेवण्याला आपला विरोध आहे, असे मी समजतो. चहा घेऊन बसलो आहे, उत्तराची घाई नाही.

पायदळ

वाक्य माझेच आहे, त्यामुळे पळवाट नाही. विचार करून लिहितो.

श्वेतपट्टी

वर साक्षेपी यांनी 'डॉक्टर आणि परिचारिका वगळता' असे लिहिले आणि चर्चा पुढे गेली. त्या वगळलेल्यांपैकी मी एक. लष्करी परिचर्या सेवेची मुळे १८८८ पर्यंत जातात. म्हणजे १९९२ च्या योजनेला शंभर वर्षे बाकी असताना स्त्रिया सैन्यात होत्याच, फक्त त्या जखमा बांधत असल्याने कोणाला त्या सैन्यात वाटल्या नाहीत. आम्हीही कमिशन्ड अधिकारी. खांद्यावर तारे आमच्याही. तरीही आम्हाला सलाम करावा की नाही याबद्दल एका तरुण कॅप्टनने माझ्याशी वॉर्डात वाद घातला होता, आणि तो वाद चालू असताना मी त्याच्याच तुकडीतल्या मुलाच्या मांडीतला छर्रा काढण्यासाठी ट्रे लावत होते.

रणरागिणी आम्हाला कोणी म्हणत नाही. स्त्रीवादी मैत्रिणी म्हणतात, परिचारिका हा तर बायकांचाच पेशा, त्यात नवे काय? शांततावादी मैत्रिणी म्हणतात, जखमी बरे करता ते पुन्हा लढायला पाठवण्यासाठीच ना? या दुसऱ्या प्रश्नाने माझी झोप अनेकदा उडवली आहे. एका मुलाला मी बरे केले, तो कुबड्या टाकून चालत निघाला, जाताना त्याने पेढे दिले, आणि सात महिन्यांनी त्याचे नाव यादीत वाचले. मी केले ते चूक होते का? मला वाटत नाही. मग बरोबर होते का, असे कोणी विचारले तर मी ट्रे लावायला निघून जाते.

शमीपत्र

श्वेतपट्टी ताई, शेवटचे वाक्य वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही.

जुनेपान

हा गुंता नवा नाही आणि तो एकाच घरातही मावतो, हे सांगण्यासाठी थोडा इतिहास. ब्रिटनमध्ये मताधिकारासाठी तुरुंगात गेलेल्या एमेलिन पँकहर्स्ट यांनी १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच आपले आंदोलन थांबवले आणि पुरुषांनी सैन्यात भरती व्हावे म्हणून भाषणे सुरू केली. त्यांची मुलगी सिल्व्हिया युद्धाच्या कट्टर विरोधात गेली. दोघीही स्त्रीवादी, दोघीही हट्टी. पुढच्याच वर्षी, १९१५ च्या एप्रिलमध्ये, हेग येथे युद्ध करणाऱ्या देशांतल्या आणि तटस्थ देशांतल्या हजाराहून अधिक स्त्रिया युद्ध थांबवा असे सांगायला एकत्र जमल्या. म्हणजे 'स्त्रीवादाला काय वाटते' या प्रश्नाला तेव्हाही एक उत्तर नव्हते.

आपल्याकडचे उदाहरण मला अधिक रोचक वाटते. १९४३ मध्ये आझाद हिंद सेनेत झाशीची राणी रेजिमेंट उभी राहिली आणि कॅप्टन लक्ष्मी तिच्या प्रमुख झाल्या. तिच्यातल्या अनेक मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या घरच्या होत्या आणि त्यांनी हिंदुस्थान कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. मळ्यावर मुकादमाच्या शिव्या खाणाऱ्या मुलीच्या हाती रायफल आली, तेव्हा तिला त्यात मुक्ती दिसली असेल, तर तिला सैन्यवादाचे दोष सांगायला मी कोण?

ओवी

जुनेपान, तुमचे उदाहरण मला अडचणीत आणते, हे मान्य. परंतु ते साम्राज्याविरुद्ध उभे राहिलेले सैन्य होते. प्रस्थापित राज्यसत्तेच्या सैन्यात जाणे आणि हे, दोन्ही एका मापाने मोजता येतील का?

कर्नलसाहेबांना एवढेच सांगते की मी सैनिकाला सैन्यवादी म्हटलेले नाही. ज्या समाजात शौर्याचा एकच नमुना मानला जातो, जिथे भित्र्याला 'बांगड्या भर' म्हणतात, तो समाज सैन्यवादी. सैनिक त्यात नोकरी करतो. उत्तरायण यांचा दोराचा प्रसंग नेमका हेच सांगतो.

कॅडेटची आई

माझी मुलगी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करत आहे. ही परीक्षा मुलींना खुली झाली ती २०२१ मध्ये, न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे. पहिल्या तुकडीतल्या १७ जणी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या, ते संचलन तिने मोबाइलवर इतक्या वेळा पाहिले की मला बॅण्डची धून पाठ झाली. हा धागा मी तिला वाचायला दिला. ती म्हणाली, 'आई, या सगळ्या बायका इतका विचार करतात, मला फक्त विमान उडवायचे आहे.' मुलाला असा धागा कोणी वाचायला दिला असता का, हा तिचा पुढचा प्रश्न होता, आणि त्यावर मी निरुत्तर झाले.

साक्षेपी

आपल्या मुलीने एका वाक्यात माझ्या लांबलचक प्रतिसादाचा निकाल लावला. तिला शुभेच्छा.

उत्तरायण

थोडे अवांतर, पण विषयाला धरूनच. सैन्याच्या भाषेत 'लेडीज' म्हणजे अधिकाऱ्यांच्या पत्नी. पार्टीच्या निमंत्रणावर 'ऑफिसर्स अँड लेडीज' असे असते. माझ्या पहिल्या पार्टीत डावीकडे हातात ग्लास घेतलेले ऑफिसर्स उभे होते, उजवीकडे गोलाकार खुर्च्यांवर लेडीज बसल्या होत्या, आणि मधल्या गालिच्यावर मी एकटी. शेवटी कमांडिंग ऑफिसरच्या पत्नीने हाक मारून शेजारी बसवून घेतले. मला बरे वाटले, आणि बरे वाटल्याचा लगेच राग आला. दुसऱ्या दिवशी एक सहकारी म्हणाला, 'काल तू पलीकडे गेलीस.' त्याच्या दृष्टीने ती सीमारेषाच होती.

त्या बाईंनी मात्र पुढे मला जितके सांभाळले तितके कोणी नाही. गेली वीस वर्षे त्या दर अडीच वर्षांनी घर मोडून नवे मांडत होत्या, स्वतःची शिक्षिकेची नोकरी तीनदा सोडून. त्यांना 'वीरपत्नी होण्याच्या प्रतीक्षायादीत आहे मी' असे विनोदाने म्हणायची सवय होती. सैन्य चालते ते त्यांच्या न मोजलेल्या कामावरही, आणि स्त्रीवादाच्या व्यासपीठावर बोलावणे येते ते मला.

पायदळ

उत्तर लिहिण्याचे कबूल केले होते. माझे मत असे की कसोटी खरोखर एक आणि प्रामाणिक असेल, तर पायदळाचेही दार उघडावे. नॉर्वेने २०१५ पासून सक्तीची लष्करी सेवा स्त्रियांनाही लागू केली आणि त्यांचे सैन्य कोसळले नाही. हे लिहिताना मला माझे जुने सहकारी दिसत आहेत आणि त्यांचे चेहरे आनंदी नाहीत.

मिष्किल

चहा संपला. सलाम, साहेब.

ओवी

नॉर्वेच्या निर्णयात तर माझी नेमकी भीती आहे. समतेच्या नावाने सक्ती सर्वांना लागू झाली. नको असलेली गोष्ट समान वाटून घेणे ही समता असेल, तर ती मागणाऱ्यांत मी नाही. तरीही माझ्याजवळ या पेचाचे सोपे उत्तर नाही: सक्ती फक्त पुरुषांवर असावी, असेही मला म्हणता येत नाही.

उत्तरायण

इतक्या जणांनी मनापासून लिहिले, म्हणून जे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचे टाळले ते आता लिहिते.

एकदा एका गावाला वेढा घालून घरोघर तपासणी चालू होती. महिला पोलीस वेळेवर पोहोचल्या नव्हत्या, म्हणून जवळच्या तळावरून मला बोलावले गेले. स्त्रियांची झडती स्त्रीनेच घ्यायची, हा नियम. एका अंगणात बायकांना रांगेत उभे केले होते. पहिली म्हातारी होती. मी हातमोजे काढत होते, तोवर तिने न सांगता दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरले, पाय थोडे फाकवले आणि चपला काढून उलट्या करून माझ्यासमोर ठेवल्या. तिला सगळा क्रम पाठ होता. मी तपासले. काही नव्हते, कमरेला एक कापडी पिशवी होती, तिच्यात किल्ल्या आणि गोळ्यांची अर्धी पट्टी. मी पुढे सरकले तेव्हा ती मोडक्या हिंदीत म्हणाली, 'तेरा हाथ हल्का है, बेटी.'

त्या वाक्याचे काय करायचे ते मला अजून कळलेले नाही. मी नसते तर तिची झडती अधिक वाईट रीतीने झाली असती किंवा ती तासन्‌तास उभी राहिली असती, हे खरे. आणि मी होते म्हणून ती झडती सोपी झाली, हेही खरे. पण कोणासाठी सोपी, तिच्यासाठी की ज्यांना घ्यायची होती त्यांच्यासाठी? मी वर्दीत असल्याची मला त्या दिवशी लाज वाटली नाही. अभिमानही वाटला नाही. मला फक्त तिच्या चपला सरळ करून द्यायच्या होत्या, आणि रांग पुढे सरकली होती.

शमीपत्र

हेच बोला ८ मार्चला.

उत्तरायण

काल संयोजक ताईंना फोन करून सांगितले की मेडल्स लावून येईन, पण हा प्रसंग सांगेन. त्या जरा थांबून म्हणाल्या, समितीला विचारते. आज त्यांनी कार्यक्रमाचे भित्तिपत्रक पाठवले. त्यात माझा वर्दीतला फोटो आहे आणि त्याखाली लाल अक्षरांत 'रणरागिणीशी हितगुज' असे छापले आहे. समितीचे उत्तर अजून आलेले नाही.

ओवी

कुठे आणि किती वाजता ते कळवा. मी येते. पहिला प्रश्न माझा असेल आणि तो सोपा नसेल.

उत्तरायण

कळवते. पुढच्या रांगेत बसा.